पहिलं ट्रायथलॉन – मुंबईत राहून, नोकरी सांभाळून

सायकलवाली

मॅरेथॉनच्या धाग्यावर दोघातिघांनी ट्रायथलॉनच्या तयारीबद्दल विचारलं होतं, तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. नुकतंच ऑलिम्पिक अंतराचं ट्रायथलॉन पूर्ण केलं. पहिलंच. दीड किलोमीटर समुद्रात पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं, सगळं एकापाठोपाठ. मध्ये कपडे बदलायला थांबलात तरी घड्याळ थांबत नाही. कितवा नंबर ते विचारू नका. वेळेच्या आत आले आणि माझ्या मागेही लोक होते, एवढं पुरे.

याच्या निम्म्या अंतराचं स्प्रिंट असतं (७५० मीटर, २० किमी, ५ किमी). वरच्या बाजूला हाफ, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किमी, आणि फुल त्याच्या दुप्पट, खरा आयर्नमॅन म्हणतात तो हा. ऑफिसातले लोक यातल्या कशालाही आयर्नमॅनच म्हणतात. मी समजावणं सोडलंय.

वय ४१, घर मुलुंडला, नोकरी फोर्टात, मुलगा आठवीत. हे मुद्दाम सांगतेय. इंटरनेटवर मिळणारे ट्रेनिंग प्लॅन ज्याच्यासाठी लिहिलेले असतात त्याच्या दारात मोकळा रस्ता असतो, कोपऱ्यावर तलाव असतो आणि त्याला लोकल पकडायची नसते. दम हळूहळू वाढतोच हो, सगळ्यांचा वाढतो. पाणी कुठे, रस्ता कुठे आणि तास कुठून काढायचे, मुंबईत खरा अभ्यास याचा करावा लागतो.

आधी पाणी. मला पोहता येत होतं, म्हणजे लहानपणी शिकलेलं, मान वर काढून चार लांबी मारण्याइतकं. ते इथे कामाचं नाही. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहायचा आणि मान वळवली की फक्त घ्यायचा, ही एक सवय अंगात मुरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. श्वास कोंडून ठेवला की पन्नास मीटरमध्ये छाती भरून येते आणि माणसाला वाटतं आपला स्टॅमिनाच कमी. दुसरं, दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे. समुद्रात ज्या बाजूने लाट येते किंवा ऊन डोळ्यांवर येतं, त्या बाजूला तोंड उघडता येत नाही.

तलावात पोहणाऱ्यांना एक फुकटचा आधार असतो: भिंत. दर पंचवीस मीटरला तिला पाय लावून ढकललं की दोन-तीन मीटर आयते मिळतात, वर क्षणभर विश्रांती. समुद्रात भिंत नाही. म्हणून मी भिंतीच्या जरा अलीकडेच, हात न लावता वळायला लागले. शेजारच्या लेनमधले काका काळजीने विचारायचे, "बरं वाटत नाही का?" पण दीड किलोमीटर सलग पोहण्याची तयारी याच्यामुळेच झाली. तलावाच्या तळाला काळी रेघ असते, समुद्राच्या तळाला काहीच नसतं आणि आपल्याकडच्या पाण्यात असती तरी दिसली नसती. त्यामुळे दर आठ-दहा हातांमागे डोळे तेवढे पाण्यावर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) बघायची सवय तलावातच करा. सगळं डोकं वर काढलंत तर कंबर बुडते.

समुद्राचा सराव मी मुंबईच्या चौपाट्यांवर केला नाही आणि तुम्हीही करू नका. कोचबरोबर, गटाने, सोबत होडी, कमरेला भडक रंगाचा फ्लोट, आणि शहराबाहेर. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, पण तेही होडी आणि निरीक्षक घेऊनच उतरतात.

सायकल. सी लिंक, फ्रीवे, अटल सेतू, कोस्टल रोडचा गाड्यांचा मार्ग, सायकलला कुठेच प्रवेश नाही. शहरातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते आपल्याला फक्त लांबून बघायचे. मुलुंडकरांना त्यातल्या त्यात ऐरोलीचा पूल ओलांडून पाम बीच रोड बरा पडतो. सपाट आहे, सिग्नल आहेत, पण पहाटे पाचला निघालं की सातच्या आत दोन तासांचं काम होतं. चढासाठी ठाण्याचं येऊर. अंतर किती झालं यापेक्षा न थांबता किती वेळ पाय फिरले ते बघा. मिनिटाला ८०-९० फेरे, हलका गिअर. जड गिअर दाबत राहिलात तर सायकलवर शूर वाटतं आणि पळायच्या वेळी मांड्या हिशोब मागतात.

बायकांसाठी खास: मार्ग ठरवताना आधी पेट्रोल पंप हेरून ठेवा, ज्यांची स्वच्छतागृहं पहाटे उघडी असतात असे. कुठलाच प्लॅन हे लिहीत नाही. बाथरूमची सोय नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, हे आपल्यातल्या निम्म्या जणी करतात आणि मग दहा वाजता डोकं धरून बसतात. अंधारात एकटी निघू नका. आम्ही चौघी ऐरोली पुलाच्या अलीकडे भेटायचो. पुढेमागे दोन्ही दिवे, अंगात चमकणारं जॅकेट.

पळायला जागा लागत नाही असं म्हणतात. मुलुंडच्या फुटपाथवर पळून दाखवा मग. मी आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर मरीन ड्राइव्हला पळत होते: एनसीपीए ते गिरगाव चौपाटी आणि परत, सहा किलोमीटरच्या आसपास होतात. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळणं. याला ब्रिक म्हणतात आणि हे टाळलंत तर बाकीचं सगळं वाया. पहिला किलोमीटर पाय कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे असतात. दर रविवारी असतात. फक्त नंतर नंतर आपण घाबरत नाही.

आता स्पर्धेचा दिवस. पहिल्या दोनशे मीटरमध्ये पोहणं असं काही नसतंच. हात टाकाल तिथे कुणाचा तरी पाय. माझ्या उजव्या डोळ्यावर टाच बसली आणि गॉगलमध्ये पाणी शिरलं. उताणी झाले, गॉगल उचलून पाणी सांडलं, परत दाबून बसवला, पालथी झाले, चालू. तलावात हे मुद्दाम करून बघितलं होतं म्हणून सोपं गेलं. नंतर गर्दी विरळ झाली आणि पाणी चक्क आवडायला लागलं.

बाहेर आल्यावर वाळूने माखलेल्या ओल्या पायात मोजा चढत नाही. सायकलजवळ पाय धुवायला एक जादा बाटली, छोटा टॉवेल, मोजे टाचेपर्यंत उलटे गुंडाळून आत चिमूटभर पावडर, अशी मांडामांड केली होती. आणि हेल्मेट! पट्ट्याचा खटका लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि जमिनीवर आखलेली रेघ ओलांडल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. हे नियम आहेत, दंड होतो. पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणंही हौशी स्पर्धकांना बहुतेक ठिकाणी मना.

खायचं ते सायकलवर खाऊन घ्या, पळताना पोट काही घेत नाही. राजगिऱ्याचा लाडू तोंडात भुगा होतो आणि ठसका लागतो, चिक्की दातात अडकते. बिया काढलेला खजूर, मीठ लावून. याहून चांगलं अजून काही सापडलं नाही.

पळणं कसं झालं? गरम झालं. बाकी काही आठवत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

पिंपळपान

दंडवत! वय ४६, पोहता अजिबात येत नाही. अजिबात म्हणजे अजिबात, कमरेएवढ्या पाण्यात पण कठडा धरतो. पाच किमी पळतो, सायकल मुलाची आहे. मला या जन्मी जमेल का? गांभीर्याने विचारतोय.

तिरकस

छान लिहिलंय. पण एक सांगा, आधी ट्रेकिंग, मग मॅरेथॉन, मग सायकल, आता हे. दर पाच वर्षांनी मध्यमवर्गाला नवीन खेळणं लागतं आणि प्रत्येक खेळण्याचे बूट वेगळे. लाखभराची सायकल घेऊन पहाटे पाम बीचला जायचं आणि त्याच इमारतीतला दूधवाला तीच अंतरं साध्या सायकलवर रोज मारतो, त्याला मेडल नाही.

पुणेरी चिमटा

आम्ही सायकली चालवत होतो तेव्हा तुम्ही मुंबईकर लोकलच्या दारात लटकत होता. असो. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

सायकलवाली

@पुणेरी चिमटा, लोकलच्या दारात लटकून मनगटं आणि पोटऱ्या तयार होतात, आम्हाला जिम लागत नाही. :)

@तिरकस, दूधवाल्याबद्दल सहमत. पण लाखाची सायकल मी घेतलेली नाही. हायब्रीड आहे, तीही जुनी, एका मैत्रिणीच्या भावाची. पहिल्या स्पर्धेला तेवढीच पुरते; ब्रेक, टायर आणि सीटची उंची नीट हवी. पैसे घालायचेच असतील तर क्रमाने: कोचची पोहण्याची फी, पळायचे बूट, हेल्मेट, पॅड असलेली शॉर्ट. सायकल सगळ्यात शेवटी.

@पिंपळपान, जमेल. पण या मोसमात नाही. आधी फक्त पोहणं शिका, बाकी चालू आहे ते राहू द्या. कठडा सोडून पाण्यावर निवांत तरंगता आलं की पुढचं बोलू. मोठेपणी शिकणाऱ्यांची अडचण हातापायांची नसते. पाणी आपल्याला वर धरतं यावर शरीराचा विश्वास बसत नाही. तो घाईने बसवता येत नाही. शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगा की पोरांच्या बॅचमध्ये टाकू नका.

लोखंडी

अभिनंदन. मी गोव्याचं ७०.३ केलंय, म्हणून दोन शब्द. (७०.३ म्हणजे हाफचीच अंतरं, मैलांत बेरीज केली की.) माझं मत विचाराल तर स्प्रिंट-ऑलिम्पिकमध्ये वेळ घालवू नका, थेट हाफला नाव द्या. साडेआठ तास मिळतात, पोहायला एक तास दहा मिनिटं. भीती असली की माणूस सराव करतो. मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये, झुरिकला फुल केलं. तेही पहिल्या फटक्यात.

तिरकस

मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता हो. पिंपळपान कठडा धरतात.

पिंपळपान

लोल. धरतो.

सायकलवाली

@लोखंडी, अभिनंदन आणि आदर, पण इथे असहमत. घाबरून सराव करणारे असतात तसे घाबरून रात्रीत अंतर दुप्पट करून गुडघा धरून बसणारेही असतात. आमच्याच गटात आहेत. शिवाय हाफसाठी आठवड्याला जे दहा-बारा तास लागतात ते नोकरदार माणसाने आणायचे कुठून? स्प्रिंटला पाच-सहा तासांत भागतं. पोहता येणाऱ्याला तीन महिने नीट दिले तर स्प्रिंट आरामात होतं. समुद्रात गर्दीत पोहणं कसं असतं, सायकलवरून उतरून पळणं कसं असतं, हे सगळं साडेसातशे मीटरमध्येही तेवढंच कळतं.

लोखंडी

मुद्दा मान्य, मत कायम. :)

जाता जाता, थोडा इतिहास, कारण लोकांना वाटतं हे सगळं कालपरवाचं. १९७४ मध्ये सॅन डिएगोला पहिलं ट्रायथलॉन झालं, पळणाऱ्यांच्या क्लबने रोजच्या सरावाला कंटाळून काढलेलं. मग १९७८ मध्ये हवाईत नौदलातल्या जॉन कॉलिन्सने तिथल्याच तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडल्या. वाद काय होता, तर सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारे, पळणारे की सायकलवाले? १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या आसपास पहिला आला. ऑलिम्पिकमध्ये खेळ आला २००० साली, सिडनीला.

वरळीचा नाखवा

ताई, सगळं वाचलं. समुद्राचं थोडं मी सांगतो, कारण शहरातले पोहणारे हवामान बघतात, पाऊस बघतात आणि पाणी बघायचं विसरतात.

आमच्याकडे घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीचे पाऊणपट करायचे, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, ते बघाच, पण तोंडी हिशोब आला की आयोजकाने सांगितलेली वेळ बरोबर आहे का ते तुम्हालाच कळतं.

दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. पुनवेला-अवसेला उधाण: भरती-ओहोटीत फरक खूप, म्हणून प्रवाहाला ओढ खूप. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. आता दोन्ही एकत्र मांडा. अष्टमी-नवमीला सकाळी सहा-पावणेसातला भरती आणि वर भांग. नवख्या माणसाला पोहायला याच्यासारखी सकाळ नाही. पौर्णिमेला तुम्ही सकाळी सहाला गेलात तर ओहोटी, अर्धा किलोमीटर चिखल तुडवत जाल. आणि दुपारी बारानंतर उतरलात तर सगळं पाणी बाहेर ओसरायला लागलेलं. ओसरत्या पाण्यात खाडीच्या तोंडाशी कधीच उतरू नका, तिथे भले पट्टीचे पोहणारे जागच्या जागी हात मारत राहतात.

पावसाळ्यात आणि गणपतीपर्यंत पाण्यात पाय ठेवू नका. त्या दिवसांत किनाऱ्याजवळ जेलीफिश आणि पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) येतात. विसर्जनाच्या आधी पालिका सूचना काढते ती उगाच नाही. पाकटाचा काटा लागला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि सरळ डॉक्टर गाठायचा.

सायकलवाली

नाखवा, ही प्रतिक्रिया धाग्यापेक्षा मोलाची आहे. आमच्या स्पर्धेची तिथी आत्ता कॅलेंडरवर बघितली: नवमी! सकाळी काठोकाठ पाणी का होतं ते आज कळलं.

चाफेकळी

वाचनखूण साठवली. नाखव्यांची प्रतिक्रिया भिंतीवर चिकटवणार.

पांढरा कोट

डॉक्टर आहे, स्वतः पळतो, पोहत नाही. उत्साहावर विरजण घालायचं नाही, तरी लिहितो.

जगभरच्या नोंदी बघितल्या तर ट्रायथलॉनमध्ये झालेले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले दिसतात. त्यातले बरेचसे हृदयाशी संबंधित, आणि चाळिशीपुढचे पुरुष त्यात जास्त. कारणं मिसळलेली असतात: सुरुवातीची गर्दी, घाबरणं, श्वास कोंडणं, अंग गरम न करता एकदम जोर लावणं. म्हणून चाळिशीनंतर नाव नोंदवण्याआधी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलं तर स्ट्रेस टेस्ट. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर ते लपवू नका. छातीत दडपण, चक्कर, श्रमाच्या मानाने फार दम, यातलं काही सरावात एकदाही झालं असेल तर आधी तपासणी.

स्पर्धेत पाण्यात घाबरायला झालं तर हात वर करा आणि जवळच्या कायाकला (छोट्या होडीला) धरून थांबा. पुढे सरकायला तिची मदत घेतली नाहीत तर सहसा बाद होत नाही. दोन मिनिटं थांबून परत पोहता येतं. हे माहीत नसल्याने लोक लाजेखातर रेटतात.

घामाबद्दल. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आपण अजून घामेजतो. किती जातो ते मोजणं सोपं आहे: तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर एक किलो कमी म्हणजे सुमारे एक लिटर घाम. तेवढ्या अंदाजाने प्या, पण नुसतं पाणी ढोसत राहू नका. रक्तातलं सोडियम उतरलं तर मळमळ, गोंधळ, प्रसंगी झटके येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो अजून पाणी पाजतो. लांब सरावाला ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच करा. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट नको.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून सायकल घातली आणि पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. आणि नंतर ताप आला तर "कुठे भिजला होतात" हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.

धागाकर्तीला एक प्रश्न: हिमोग्लोबिन बघितलं होतं का?

सायकलवाली

@पांढरा कोट, हो, सुरुवातीलाच. कमी निघालं होतं. जिना चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलत होते. गोळ्या घेतल्या, दोन-तीन महिन्यांत फरक पडला आणि पळण्याचा वेग आपोआप सुधारला, सराव तोच असताना. बायांनो, महागड्या बुटांआधी ही रक्ततपासणी करा.

गिअर नंबर एक

पाळीचं कसं केलंत? स्पर्धेच्या तारखेला आली तर? इथे विचारायला संकोच वाटतोय, पण दुसरीकडे कुठे विचारू?

सायकलवाली

इथेच विचारा. मेन्स्ट्रुअल कपमुळे पोहणं आणि सायकल दोन्ही निभतं, पण सवय व्हायला काही महिने लागतात, स्पर्धेच्या आठवड्यात पहिल्यांदा वापरू नका. गोळी घेऊन तारीख पुढे ढकलणं मला पटत नाही, पण तो ज्याचा त्याचा आणि डॉक्टरांचा प्रश्न. सरावात त्या दोन दिवसांत मी जोराचं काही करत नव्हते. सायकल हलकी, बाकी सुट्टी. प्लॅन कोलमडला नाही.

सायकलवालीचा नवरा

खातं फक्त या धाग्यासाठी उघडलंय. सगळ्यांनी हिचं कौतुक केलं, रास्तच आहे. आता घरची बाजू.

पहाटे चारला गजर. तो हिच्या उशाशी, उठतो मी. साडेचारला मिक्सर, कारण केळ्याचं काहीतरी. बाल्कनीत ओले टॉवेल, पोहण्याचे कपडे आणि गॉगल यांची कायमची वाळवण; आमच्या कपड्यांना दोरी उरली नाही. सायकल लिफ्टमध्ये उभी करून मागच्या चाकावर न्यावी लागते, त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा विषय निघाला. रविवारी सकाळी पोहे करणं हे गेले कित्येक महिने माझं खातं आहे आणि चिरंजीवांचं मत आहे की आईचे चांगले होतात.

गंमत बाजूला. ज्यांच्या घरी कुणी करणार असेल त्यांना एकच सांगतो. सुरुवातीला महिन्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा, आणि त्यात घरच्यांच्या तारखा आधी भरा: परीक्षा, लग्नं, आईला दवाखान्यात न्यायचा दिवस. उरलेल्या चौकोनांत सराव. आमच्याकडे पहिले दोन महिने उलट होतं आणि रोज धुसफूस होती.

तिरकस

साहेब, तुम्हाला मेडल.

पुणेरी चिमटा

नवऱ्याशी सहमत. पोह्यांत शेंगदाणे जास्त घाला, मत बदलेल.

गिअर नंबर एक

सकाळच्या सरावानंतर ऑफिसचं कसं? अंघोळ, डबा, कपडे?

सायकलवाली

सोमवारी आणि गुरुवारी पोहणं, कारण तलावावरच अंघोळ होते आणि थेट स्टेशन. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पळणं. बूट आणि टीशर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोडी कायमची. पळून झाल्यावर घामट अंगाने गर्दीच्या लोकलमध्ये शिरायचं नाही एवढं पथ्य पाळते: टॉवेल, कोरडा टीशर्ट, आणि सीएसएमटीहून सुटणारी स्लो, म्हणजे बसायला मिळतं. तासभर झोप होते. बुधवारी एक तास सायकल घरातच, ट्रेनर स्टँडवर, खाली जाड चटई घालून, नाहीतर खालच्या मजल्यावरून फोन येतो. शनिवारी सुट्टी, खरोखरची सुट्टी. रविवारी लांब सायकल आणि ब्रिक.

मोसम बघून स्पर्धा निवडा हेही सांगायचं राहिलं. ऑक्टोबरच्या स्पर्धेसाठी सगळा सराव पावसात येतो, सायकल हाल करते. डिसेंबर-जानेवारीची धरलीत तर सप्टेंबरपासून रस्ते जरा जागेवर येतात. आणि आपल्याकडे समुद्र कोमट असल्याने वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) बहुधा चालतच नाही, त्यावर पैसे घालू नका.

पिंपळपान

पोहण्याच्या क्लासला नाव घातलं! सोमवारपासून. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पहिले आठ दिवस फक्त फुगे सोडायचे. दरम्यान मुलाच्या सायकलचं मागचं चाक बसलंय. ट्यूब कुठली आणू? दुकानात विचारलं तर तो म्हणतो कुठलीही चालते.

लोखंडी

कुठलीही चालत नाही. टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात, ७०० बाय ३५ किंवा २६ बाय १.९५ असे काहीतरी, त्याचा फोटो काढून न्या. आणि व्हॉल्व्ह बघा: मोटारसायकलसारखा जाड असेल तर श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटा स्क्रू असेल तर प्रेस्टा. प्रेस्टाला पेट्रोल पंपावरची हवा अडॅप्टरशिवाय भरता येत नाही.

पिंपळपान

जाड आहे. ७०० बाय ३८ लिहिलंय.

लोखंडी

मग श्रेडरची ७०० बाय ३५-४३ मागा. दोन आणा, एक सीटखाली ठेवायला.